कागद नसलेल्या जुन्या बोट-ट्रेलरच्या नोंदणीबाबत वाहन नोंदणी खात्याला खुले पत्र

प्रति,
वाहन नोंदणीचे नियम ठरवणारे आणि नोंदणीच्या खिडकीवर ते राबवणारे सर्व अधिकारी यांस,

महोदय, महोदया,

नऊ महिन्यांपूर्वी मी एक वापरलेली फायबरची बोट विकत घेतली. बोटीची कागदपत्रे व्यवस्थित होती. नोंदणी प्रमाणपत्र विक्रेत्याच्या नावावर होते, मागच्या फळीवरचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी जुळत होता आणि बोट माझ्या नावावर होण्याचे काम एका भेटीत आटोपले. ती बोट ज्या ट्रेलरवर उभी होती त्याचा मात्र एकही कागद विक्रेत्याकडे नव्हता. त्यांनी लिहून दिलेल्या विक्रीपावतीत बोटीचे वर्णन चार ओळींचे आहे आणि शेवटी 'ट्रेलरसह' असा एक शब्द आहे. ट्रेलरवरच्या माझ्या मालकीचा लेखी पुरावा म्हणाल तर तेवढा एक शब्द. बोट माझी आहे हे सरकारदरबारी मान्य झाले आहे, पण ती ज्याच्यावरून पाण्यापर्यंत न्यायची ते साधन रस्त्यावर आणण्याची मला मुभा नाही.

या काळात मी नोंदणी कार्यालयात पाच वेळा गेलो. पहिल्या खेपेला मूळ मालकाची सही असलेले हस्तांतरणपत्र मागितले गेले, दुसऱ्या खेपेला कारखान्याने दिलेला मूळ विक्री दाखला. तिसऱ्या खेपेला पोलिसांकडून ट्रेलरच्या ओळख क्रमांकाची पडताळणी करून आणा असे सांगण्यात आले, आणि पोलीस ठाण्यात गेल्यावर कळले की नोंदणी कार्यालयाचे पत्र असल्याशिवाय ते पडताळणी करत नाहीत. चौथ्या खेपेला ते पत्र मागितले, तर अर्ज दाखल झालेला नसल्यामुळे पत्र देता येत नाही आणि पडताळणी नसल्यामुळे अर्ज दाखल करून घेता येत नाही, असे उत्तर मिळाले. पाचव्या खेपेला खिडकीवर नवे गृहस्थ होते आणि त्यांनी पुन्हा पहिल्या कागदापासून सुरुवात केली. कोणीही माझ्याशी उद्धटपणे वागले नाही, हे आवर्जून नमूद करतो. पण या पाचही खेपांत कोणी मला काहीही लेखी दिले नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. कागद नसलेल्या ट्रेलरची नोंदणी कशी होऊ शकते याचा निश्चित, छापील आणि सर्वांना सारखा असा मार्ग खात्याने ठरवून द्यावा, एवढ्यासाठी हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

बोटीच्या ट्रेलरचे कागद हरवतात कसे, ते आधी सांगतो, कारण खिडकीवर मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न तोच होता आणि तो विचारताना दर वेळी आवाजात संशय होता. मोटार विकली जाते तेव्हा किल्ली आणि कागद एकत्रच हातात पडतात, आणि कागदाशिवाय मोटार घेणारा माणूस शोधूनही सापडायचा नाही. ट्रेलरचे तसे होत नाही. घेणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या मनात तो स्वतंत्र वाहन म्हणून नसतोच, पलंगाला जसे पाय तसा तो बोटीला. बोट पाण्यावर चालते म्हणून तिची नोंद अनेक ठिकाणी एका खात्याकडे असते आणि ट्रेलर रस्त्यावर चालतो म्हणून त्याची नोंद दुसऱ्या खात्याकडे, त्यामुळे एका व्यवहारात विकल्या गेलेल्या दोन वस्तूंचे कागद दोन वेगळ्या वाटांनी जातात आणि लक्ष फक्त बोटीच्या कागदांकडे राहते. असे दोन-तीन हात बदलले की ट्रेलरचा पहिला खरेदीदार कोण होता हे सांगणारा माणूस उरत नाही. तो वारलेला असतो, गाव सोडून गेलेला असतो किंवा ट्रेलर बनवणारा छोटा कारखानाच बंद पडलेला असतो. माझ्या विक्रेत्यांनी बोट बारा वर्षे वापरली, पण ज्यांच्याकडून घेतली त्यांचे फक्त आडनाव त्यांना आठवते.

काही ट्रेलर असेही आहेत की ज्यांचा कागद हरवलेला नसतो, तो कधी निघालेलाच नसतो. एखाद्या हौशी माणसाने लोखंडी चॅनेल आणून, जुन्या गाडीचा आस लावून, आपल्या बोटीच्या तळाच्या मापाने घरच्या घरी जोडलेला ट्रेलर हा त्यातला एक प्रकार. दुसरा प्रकार कायद्यानेच निर्माण केला आहे. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'मोटार वाहन' या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलरचा समावेश आहे, म्हणजे नोंदणीच्या नियमातही तो येतो. ब्रिटनमध्ये मात्र देशातल्या देशात बोट नेणाऱ्या खासगी छोट्या ट्रेलरची वेगळी नोंदणी नसते, ओढणाऱ्या गाडीचाच क्रमांक त्याच्या मागे लावतात. तिथे २०१९ पासून परदेशी नेल्या जाणाऱ्या ७५० किलोंवरच्या व्यावसायिक ट्रेलरना आणि ३५०० किलोंवरच्या सर्वच ट्रेलरना नोंदणी सक्तीची झाली. अमेरिकेत तर राज्याराज्यांत नियम बदलतो, आणि टेक्सासमध्ये एकूण वजन ४००० पौंडांपर्यंत असेल तर ट्रेलरला मालकी प्रमाणपत्र घेण्याची सक्ती नाही. तेव्हा तिथल्या एखाद्या मालकाने सगळे नियम काटेकोर पाळले, आणि मग तो ट्रेलर असे प्रमाणपत्र सक्तीचे असलेल्या राज्यात विकला गेला, तर नव्या मालकाकडे जो कागद मागितला जाईल तो पृथ्वीवर कुठेच नसतो. अशा माणसाला 'मूळ कागद आणा' असे सांगणे म्हणजे त्याला परत पाठवणे, दुसरे काही नाही.

आता क्रमांकाबद्दल. माझ्या ट्रेलरवर क्रमांक असलेली कारखान्याची पट्टी नव्हती. पुढच्या दांडीच्या डाव्या अंगाला, जिथे ती असायला हवी, तिथे रिव्हेटची दोन भोके होती आणि त्यांच्यामध्ये बाकीच्या दांडीपेक्षा किंचित उजळ असा एक आयत. खिडकीवर मला सांगण्यात आले की पट्टी नाही म्हणजे क्रमांक नाही. पण अनेक उत्पादक पट्टीखेरीज सांगाड्यावरही क्रमांक ठोकून ठेवतात, आणि तो शोधायचा कसा याचा एकही शब्द कुठल्या सूचनाफलकावर नाही. मी दांडी साबणाच्या पाण्याने धुतली आणि मऊ ब्रशने घासली. ग्राइंडर किंवा जाड सँडपेपर जाणीवपूर्वक टाळला, कारण क्रमांकाच्या जागी नव्याने घासलेला धातू दिसला तर तीच छेडछाडीची खूण ठरते. दिवसा काही दिसले नाही. अंधार पडल्यावर विजेरी दांडीला जवळजवळ टेकवून आडवी धरली, तेव्हा उजव्या बाजूला, विंचच्या, म्हणजे बोट ट्रेलरवर ओढून घेणाऱ्या चरखीच्या, खांबापासून वीतभर अंतरावर, खोलगट रेघांची सावली पडली. क्रमांक ठोकल्यानंतर जस्ताचा मुलामा दिलेला असल्यामुळे अक्षरे जस्ताने निम्मी भरून आली होती आणि नुसत्या डोळ्यांना वाचता येत नव्हती. त्यावर पातळ कागद चिकटवून पेन्सिलीचे शिसे हलकेच फिरवले, तशी एकेक अक्षर वर येऊ लागली. ती १७ निघाली. तो कागद मी जपून ठेवला आहे, आणि पाचव्या खेपेला तो खिडकीवर दाखवला तेव्हा 'हे पेन्सिलीने काढलेले चालत नाही' असे उत्तर मिळाले.

चालायला हवे असे मला वाटते, आणि त्याचे कारण त्या १७ अक्षरांतच आहे. अमेरिकेने १९८१ च्या मॉडेलपासून वाहनांना या लांबीचा क्रमांक सक्तीचा केला आणि आंतरराष्ट्रीय मानकही त्याच धर्तीचे आहे. त्यात आय, ओ आणि क्यू ही तीन रोमन अक्षरे वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्य या अंकांसारखी दिसतात. तेव्हा गोल दिसते ते शून्यच. पहिली तीन अक्षरे उत्पादक सांगतात, आणि तिसऱ्या जागी ९ असेल तर तो वर्षाला थोडीच वाहने बनवणारा लहान कारखाना असतो, ज्याची पुरती ओळख बाराव्या ते चौदाव्या अक्षरात मिळते. ट्रेलर बनवणाऱ्यांत असे लहान कारखाने पुष्कळ आहेत. उत्तर अमेरिकेच्या पद्धतीत दहावे अक्षर मॉडेलचे वर्ष सांगते आणि नववे अक्षर हा तपासणीचा अंक असतो. बाकीच्या अक्षरांना ठरलेल्या किमती देऊन, स्थानाप्रमाणे गुणून, बेरजेला ११ ने भागले की जी बाकी उरते ती तिथे लिहिलेली असते, आणि बाकी १० आली तर एक्स. माझ्या कागदावर एक अक्षर ८ आहे की बी हे ठरत नव्हते. दोन्ही धरून गणित केले. एकाने नववा अंक जुळला, दुसऱ्याने जुळला नाही. हे गणित तुमच्या संगणकाला क्षणाचेही काम नाही, आणि त्यातून निदान एवढे कळते की क्रमांक बहुधा चुकीचा वाचलेला नाही.

यावर कोणी म्हणेल की क्रमांक खरा आहे म्हणून मालक खरा ठरत नाही. बरोबर आहे. चोरीची शंका घेणे हे तुमचे कर्तव्य आहे, आणि ट्रेलरच्या बाबतीत ती घ्यायलाच हवी. त्याला इंजिन नाही, किल्ली नाही. गाडीच्या मागच्या गोळ्यावर ट्रेलरचा कपलर, म्हणजे पुढची जोडकडी, बसवला, साखळ्या अडकवल्या की दोन मिनिटांत तो दुसऱ्याच्या गाडीमागे निघून जातो. ज्याचा ट्रेलर असा गेला आहे त्याच्या बाजूने मी आहे. पण अर्जदाराला खिडकीवरूनच परत पाठवल्याने त्या माणसाचे काय भले होते, याचा विचार कृपया करावा. माझा क्रमांक नऊ महिन्यांत एकदाही चोरीच्या नोंदींशी ताडून पाहिला गेलेला नाही. माझा ट्रेलर खरोखर कोणाचा चोरीला गेलेला असता, तर त्याला तो मिळण्याची ही एकमेव संधी होती, आणि माझा अर्ज न घेतल्यामुळे ती पाच वेळा हुकली. चोर नोंदणीच्या खिडकीवर येत नाही. ट्रेलर पुढे विकत घेणारा अनभिज्ञ माणूस येतो, स्वतःच्या पायांनी, क्रमांक हातात घेऊन. त्याचा अर्ज आधी घ्यावा, पोच द्यावी आणि मग जितकी कसून चौकशी करायची तितकी करावी.

चौकशीचा मार्ग नव्याने शोधण्याची गरज नाही, तो इतरत्र वापरात आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ज्याला पूर्ण कागद दाखवता येत नाहीत त्याला हमीच्या आधारावर मालकी प्रमाणपत्र मिळू शकते. टेक्सासमध्ये अर्जदार वाहनाच्या ठरवलेल्या किमतीच्या दीडपट रकमेची हमी एखाद्या हमीदार कंपनीकडून घेऊन देतो आणि ती तीन वर्षे चालू राहते. त्या मुदतीत खरा मालक पुढे आला आणि त्याचा दावा सिद्ध झाला तर त्याची भरपाई त्या हमीतून होते. या योजनेत मला सर्वांत पटते ते हे की, कागद नसण्याची जोखीम ज्याने कागदाशिवाय खरेदी केली त्याच्यावरच पडते, खात्यावर नाही आणि मूळ मालकावरही नाही. मी ती जोखीम घ्यायला तयार आहे. जुन्या ट्रेलरची किंमत मुळात फार नसते, त्यामुळे अशी हमी प्रामाणिक खरेदीदाराला झेपते, आणि चोरीचा माल असल्याची ज्याला मनातून कल्पना आहे तो तीन वर्षे अशी टांगती तलवार डोक्यावर ठेवायला धजावणार नाही.

हमीच्या आधी काही गोष्टी झाल्या पाहिजेत हे मला मान्य आहे. शेवटचा नोंदलेला मालक सापडत असेल तर त्याच्या पत्त्यावर पोचपावतीचे पत्र जावे आणि उत्तरासाठी ठरावीक मुदत मिळावी. विक्रेत्याने प्रतिज्ञापत्र द्यावे, त्यात क्रमांक, खरेदीचे वर्ष आणि ट्रेलर कुठे ठेवलेला होता हे असावे. खोटे प्रतिज्ञापत्र हा गुन्हा असल्यामुळे त्या कागदाला वजन आहे. बोटीचा कागद आणि तिचे जुने फोटो हाही पुरावा मानला जावा. माझ्या विक्रेत्यांकडे ११ वर्षांपूर्वीचा फोटो आहे, त्यात हीच बोट याच ट्रेलरवर आहे आणि डाव्या चाकाच्या मडगार्डवरचा पोचा स्पष्ट दिसतो. तो पोचा आजही तिथेच आहे. घरी बनवलेल्या ट्रेलरला किंवा ज्याचा क्रमांक गंजून खरोखरच नाहीसा झाला आहे त्याला तपासणीनंतर खात्याने स्वतःचा क्रमांक द्यावा आणि तो सांगाड्यावर ठोकून घ्यावा. आणि १९८१ च्या आधीच्या ट्रेलरचा क्रमांक १७ पेक्षा कमी अक्षरांचा असू शकतो, हे तुमच्या संगणकातल्या रकान्याला ठाऊक असावे. माझ्या ओळखीच्या एका बोटधारकाचा अर्ज केवळ तो रकाना पुरता भरत नाही म्हणून परत आला होता. क्रमांक मुद्दाम घासून काढल्याच्या खुणा असतील तर मात्र कोणतीही सवलत नसावी, अगदी खरेदीदार प्रामाणिक असला तरीही.

तपासणीचा आणखी एक उपयोग आहे आणि तो मला मालकीइतकाच महत्त्वाचा वाटतो. बोटीचा ट्रेलर हे असे रस्त्यावरचे वाहन आहे की जे नेहमीच्या वापराचा भाग म्हणून पाण्यात बुडवले जाते. लांबून ओढून आणल्यावर चाकांचे हब, म्हणजे बेअरिंग असलेले मधले भाग, तापलेले असतात. ते तसेच थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि जुन्या झालेल्या सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. ग्रीसमध्ये पाणी मिसळते, खारे असेल तर बेअरिंगला गंज धरतो, आणि मग एके दिवशी भर रस्त्यात चाक जाम होते किंवा निखळते. मी माझ्या ट्रेलरचा उजवा हब उघडला तेव्हा ग्रीसच्या जागी फेसाळ दुधासारखा पांढरट लगदा निघाला आणि बेअरिंगच्या रोलरांवर बोटाला जाणवतील असे खड्डे होते. दोन्ही बाजूंची बेअरिंग आणि सील मी बदलली, मागचे दिवे आणि वायर नवी घातली, सुरक्षा साखळ्याही बदलल्या. पण हे मला कोणी करायला लावले नाही. ज्यांना नोंदणी नाकारली जाते त्यांतले सगळेच ट्रेलर अंगणात उभे ठेवत नाहीत. काही जण नाइलाजाने पहाटे, रहदारी नसताना, बोट पाण्यापर्यंत नेतात आणि तशीच आणतात. त्या ट्रेलरचे हब कोणीच तपासलेले नसतात, दिवे लागतात की नाही हे कोणी पाहिलेले नसते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी नोंदणी विचारते. नोंदणीचा मार्ग उघडला तर हे ट्रेलर तुमच्या तपासनिसाच्या नजरेखाली येतील. तो बंद राहिला तर ते रस्त्यावर यायचे थांबणार नाहीत.

खरेदीदार म्हणून माझीही चूक झाली, ती मी मान्य करतो. पैसे देण्यापूर्वी ट्रेलरचा क्रमांक मी शोधायला हवा होता आणि पावतीत तो बोटीच्या क्रमांकाखाली स्वतंत्र ओळीत लिहून घ्यायला हवा होता. जो कोणी बोट घेणार असेल त्याने एवढे करावेच. पण हीच गोष्ट नोंदणी खात्याच्या फलकावर आणि अर्जाच्या मागे मोठ्या अक्षरांत छापली, की 'बोट आणि ट्रेलर ही दोन वेगळी वाहने असून दोन्हींची वेगळी विक्रीपावती घ्यावी', तर पुढच्या अनेकांवर ही वेळ येणार नाही. त्यासोबत दोन रकाने असलेला छापील विक्रीपावतीचा नमुना मिळाला तर आणखी चांगले. आज जे लोक हाताने पावत्या लिहितात ते फसवण्यासाठी अर्धवट लिहीत नाहीत, त्यांना काय लिहायचे हे कोणी सांगितलेले नसते.

माझ्या स्वतःच्या अर्जापुरते सांगायचे तर विक्रेते वय झालेले असूनही माझ्याबरोबर येऊन प्रतिज्ञापत्र करून गेले आहेत. विक्रीपावती, त्यांचे प्रतिज्ञापत्र, ११ वर्षांपूर्वीचा फोटो, क्रमांकाचा पेन्सिलीने उतरवलेला कागद, त्याच जागेचे आडव्या उजेडात काढलेले फोटो आणि नव्या बेअरिंगच्या पावत्या मी एकत्र लावून ठेवल्या आहेत. एक अडचण मात्र माझ्या हातातली नाही. खात्याच्या नियमाप्रमाणे तपासणी तुमच्या आवारातच होते, आणि नोंदणी नसलेला ट्रेलर त्याच नियमाप्रमाणे रस्त्यावर आणता येत नाही. तेव्हा एक तर तपासनिसाने ट्रेलर आहे तिथे येऊन तो पाहावा आणि त्यासाठी जे शुल्क असेल ते मी भरेन, किंवा ठरलेल्या दिवशी ठरलेल्या रस्त्याने ट्रेलर तुमच्या आवारात आणण्यापुरता एका दिवसाचा लेखी परवाना मला द्यावा. बोट त्यावर नसेल, ट्रेलर रिकामा आणीन, आणि क्रमांकाची जागा धुऊन ठेवीन, म्हणजे तुमच्या तपासनिसाला विजेरी आडवी धरून तो स्वतः वाचता येईल. दोन्हींपैकी काय मान्य आहे ते आणि तारीख लेखी कळवावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक बोटधारक